पहिली पायरी

डंगॅननच्या कोंबडी कारखान्यात
रात्रपाळी सुटते सहाला.
बस सहा चाळीसला.
मधली चाळीस मिनिटं माझी.

थांब्याच्या काचेला पाठ टेकवते,
उजव्या हाताचा मोजा दातांनी ओढते.
बोटं इतकी गार की फोनला पटतच नाही
ही माणसाची बोटं आहेत.
दोनदा फुंकर. मग पान उघडतं.

वाचनालयातल्या नोरीनबाईंनी दाखवलं हे पान.
दोनशे बारा गोष्टी, सहा पायऱ्या,
पैसे नाहीत, नाव नाही, पासपोर्टचा नंबर नाही.
मी तीनदा विचारलं, फुकट?
फुकट, म्हणाल्या. छापून हवं तर पानाला दहा पेन्स.
एजंटच्या हातावर डॉलर मोजून या देशात आलेली मी,
कुणी फुकट म्हटलं की
आधी चपला कुठे काढल्यात ते बघून ठेवते.

पहिल्या पायरीवर मिस्टर हॅरिस राहतात.
मिस्टर हॅरिसना एक बोट आहे.
बोट निळी आहे.
मिस्टर हॅरिस रविवारी बोट धुतात.
एवढंच. वादळ येत नाही.
तिथे कुणाचं भाडं थकत नाही,
तिथे मुकादम नाही.
एक बाई एका माणसाला विचारते, हे सफरचंद आहे का?
होय, तो म्हणतो, हे सफरचंद आहे.
पस्तीस वर्षांत मला कुणी
इतकं सरळ उत्तर दिलेलं नाही.

झेलिंडो हसतो. तो चौथ्या पायरीवर.
त्याच्या गोष्टींत चोऱ्या होतात, लग्नं मोडतात.
किती दिवस ती बोट धुणार, म्हणतो, चढ की वर.

चढले. मार्चमध्ये.
आणि पहिल्याच ओळीत
'आहे' उठून गेलेलं, त्याच्या जागी 'होती' बसलेली.
मिस्टर हॅरिसना एक बोट होती.
म्हणजे? काय झालं बोटीचं?
खालपर्यंत वाचलं. सांगितलेलं नाही.
गोष्ट पुढे टपालकचेरीत गेली.

आमच्या तेतुममध्ये क्रियापद कूस बदलत नाही.
गेलेला आणि जाणारा एकाच शब्दात झोपतात,
संपलंच असेल तर शेवटी एक 'ओना' ठेवायचा, बस.
आणि जे झालं नाही त्याला आम्ही 'नाही' म्हणत नाही,
'सेइदाउक' म्हणतो. अजून नाही.
लग्न झालं, उम्बेलिना? सेइदाउक.
घर बांधलंस? सेइदाउक.

गोष्टीच्या तळाशी चौकट होती: आता तुमच्याविषयी.
माझी आई गावात, पुढे रेघ.
दोन शब्दांतला एक निवडा.

एर्मेराला ताडपत्रीवर कॉफी वाळत घालून
अनवाणी पायांनी ती खालीवर करत चालणारी आई.
डिसेंबरात मी पट्ट्यापाशी उभी,
फोन कपाटात, कपाटाला कुलूप,
कुलपाच्या आत सतरा मिस्ड कॉल.

बोट दोन्ही शब्दांवरून फिरलं.
मग 'आहे'वर टेकवलं.
हिरवी खूण आली. खाली शाब्बास.
मुद्दाम 'होती'ही दाबून पाहिलं.
हिरवी खूण. शाब्बास.
यंत्राला व्याकरण तेवढं ठाऊक,
आणि व्याकरणाची
दोहोंपैकी कशालाच हरकत नव्हती.

शनिवारी नोरीनबाईंनी विचारलं,
दुसरी पायरी झाली का?
मला एकदम, न शोधता, शब्द सापडले.
नॉट येट, म्हटलं.
त्यांनी मान डोलावली, जशी आमच्याकडे डोलावतात,
पुढे काही विचारलं नाही.

आज रविवार. बसला उशीर.
मी परत खाली उतरून बसलेय.
मिस्टर हॅरिस बोट धुतायत.
पाणी कुठून आणतात,
तो शब्द अजून आलेला नाही.